बिलावर 'लॉक' लिहिलंय? मग ते बिल अंदाजाचं आहे

वीजबिल हातात आलं की आपली नजर थेट रकमेवर जाते. आधी 'चालू रीडिंग'चा रकाना बघा. तिथे आकड्याऐवजी 'लॉक', 'फॉल्टी' किंवा 'आरएनए' असेल, तर रीडिंग घेतलेलंच नाही. बिल सरासरीने लावलंय. सोयाबीन काढणीत घराला दिवसभर कुलूप असलं की हे होतंच.

खरा घोळ पुढे होतो. नंतर खरं रीडिंग आलं की साठलेले युनिट एकदम पडतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच चढा. समजा, तीन महिन्यांचे २४० युनिट निघाले. एकाच महिन्याचे धरले तर १४० युनिट महागात जातात. महिन्याला ८० धरले तर सगळे स्वस्तात बसतात. स्लॅब तीन महिन्यांचाच लागला पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. आधी भरलेले पैसे वजा झालेत का, तेही बघा.

तसं नसेल तर मीटरचा फोटो जोडून उपविभाग कार्यालयात बिल दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. तोंडी तक्रार कुणी लक्षात ठेवत नाही.

घर बंद राहणार असेल तर महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं. त्यासाठी बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा.