आरोग्य आणि समाजमाध्यमे (लेखांक ६) : माहिती एकाकडून, सवय चौघांकडून

माहिती एकाने सांगितली तरी पुरते. सवय बदलायची तर चौघांचा रेटा लागतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून हेच दिसले. इंटरनेटवरून आलेल्या १,५२८ जणांना त्यांनी अनोळखी ‘आरोग्य-सोबती’ जोडून दिले. काहींचे सोबती आपसांतही जोडलेले होते, चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे. काहींचे दूरदूर विखुरलेले. सोबत्याने आरोग्यविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवले की ईमेल यायचा. विखुरलेल्या जाळ्यात गोष्ट झपाट्याने पसरते, असा समज रुळलेला होता. निकाल उलटा लागला. दाट जाळ्यात सुमारे ५४ टक्के लोकांनी नाव नोंदवले, विखुरलेल्या जाळ्यात ३८ टक्के. पहिल्या ईमेलने न हललेले कित्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या ईमेलने हलले.

महाराष्ट्रात असे दाट जाळे व्हॉट्सॲपवर विणले गेले. दिवसातून दोनदाच जेवण्याचा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलून धरला आणि यूट्यूबवरच्या व्याख्यानांतून तो घरोघर पोचला. नियम आटोपशीर : कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवायचे, ५५ मिनिटांत पानावरून उठायचे, रोज ४५ मिनिटे चालायचे. थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा पक्षही तगडा, त्यामुळे ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीतसुद्धा रंगला. पण व्याख्यानाला मान डोलावणे सोपे, पाळणे अवघड. ते पाळायला लावले व्हॉट्सॲपवरच्या गटांनी. आधी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासायचे, मग वजन, पोटाचा घेर, नवे रिपोर्ट. गटावर एखाद्या काकू उतरलेला आकडा टाकतात, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि दुपारी चारच्या चहाबरोबर बिस्किटाकडे गेलेला हात आखडतो.

गटाची ही ताकद फसवीही आहे. वजन उतरलेले फोटो टाकतात. न जमलेले गुपचूप ‘लेफ्ट’ होतात. उरलेल्यांना वाटते, सगळ्यांनाच गुण आला. लसीविषयीची अफवाही याच वाटेने घट्ट होते. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. त्याने फॉरवर्डचा वेग कमी होतो. पण मामा, आत्या आणि शेजारीण एकच गोष्ट सांगू लागले, तर त्याला ही मर्यादा काय करणार?

मधुमेहींनी एक गोष्ट मात्र कोणत्याही गटावर सोडू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण वगळले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषधाचा डोस आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.