घरचा संगणक : दुरुस्ती की नवा?

खोपोलीजवळच्या साजगावात काय किंवा अन्यत्र काय, कष्टकरी कुटुंबात संगणक येतो तो मुलांच्या शिक्षणासाठी. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, जातीचा दाखला जोडायचा, तर त्याचा मोठा आधार. तो आठ-दहा वर्षांनी रखडू लागला की सल्ला मिळतो, "नवाच घ्या." बंधू-भगिनींनो, पगार मोडण्याआधी बिघाड कुठे आहे ते पाहा.

संगणक सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिच्यातील तबकडी फिरते तेव्हा माहिती वाचली जाते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी वेगवान. आधी ती बसवावी. तरीही अडले तर रॅम 4 जीबीची 8 करावी. मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र जुन्यावर पैसा घालू नये.

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते, इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. तेवढ्यासाठी यंत्र भंगारात काढू नका. त्यावर लिनक्स विनामूल्य चालते. अभ्यास आणि पत्रलेखन त्यावर होते.

निर्णय कोणताही घ्या, दुरुस्तीला देण्यापूर्वी दाखले आणि गुणपत्रिका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि काढलेली हार्ड डिस्क परत मागा. तिच्यात आपल्या घरची माहिती असते.