बेनिनचे ओतारी

नायजेरियाच्या दक्षिण भागात बेनिन हे पुरातन नगर आहे. तेथील इगुन रस्त्यावर ओताऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या पितळेच्या मूर्ती घडवीत आली आहेत. प्रथम मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा व तो भाजावयाचा. मेण वितळून वाहून जाते. त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणून एकीसारखी हुबेहूब दुसरी होत नाही! १८९७ साली इंग्रज सैन्याने हे नगर लुटले आणि राजवाड्यातील सहस्रावधी शिल्पे परदेशी नेली. नायजेरियाने ती वारंवार मागितली. २०२२ मध्ये जर्मनीने काही परत केली. दूरदेशीचे प्रवासी आज इगुनला ओताऱ्यांचे काम पाहावयास येतात. त्यांच्या पूर्वजांची पुष्कळशी शिल्पे पाहावयास मात्र अजून लंडनच्या संग्रहालयातच जावे लागते.