विश्लेषण : नवे खेळाडू आले की बुद्धिबळाची सरासरी का घसरते?

चिखली किंवा मलकापूरच्या एखाद्या मुलाने आज मोबाइलवर बुद्धिबळ सुरू केले, तर त्याला किती रेटिंग मिळेल? ते ॲपवर ठरते. लिचेसवर प्रत्येक नवा खेळाडू १५०० पासून सुरुवात करतो. चेस डॉट कॉमवर ‘नवशिका’ असा पर्याय निवडला, तर सुरुवात बरीच खालून होते.

२०२० मध्ये टाळेबंदी आणि ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका यांमुळे नवशिक्यांची लाटच आली. अशा वेळी चेस डॉट कॉमसारख्या ठिकाणी सरासरी रेटिंग खाली येते. जुने खेळाडू कच्चे झाले, असे नव्हे. दहावीच्या रांगेत पहिलीची मुले उभी केली तर सरासरी उंची घटते. दहावीतला कुणी बुटका होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. झपाट्याने सुधारणाऱ्या मुलाचे रेटिंग त्याच्या खेळामागे रेंगाळते. आकडा १२००, खेळ १५०० चा! त्याच्याकडून हरणारा नाहक जास्त गुण गमावतो. ऑनलाइन वापरल्या जाणाऱ्या ग्लिको पद्धतीत नवख्याचे रेटिंग मोठ्या उड्या मारते, प्रतिस्पर्ध्याचे थोडेच हलते. त्यामुळे झळ कमी बसते. पटावरच्या स्पर्धांत मात्र ही घसरण साचत गेली. अखेर मार्च २०२४ मध्ये फिडेने क्लासिकल प्रकारात २००० खालील सर्वांचे रेटिंग एकदाच वाढवले. १६०० चे १७६० झाले, किमान रेटिंग १००० वरून १४०० वर गेले.

म्हणून ॲपवरचे १५०० आणि फिडेचे १५०० पालकांनी एकाच तराजूत तोलू नयेत. नवशिक्यांची लाट आली, की ॲपवर मुलाचा पर्सेंटाइल खेळ न सुधारताही वर जातो.