वृक्षवैद्याचा व्यवसाय : लहान बरा कीं मोठा ?

धंदा म्हटला कीं तो वाढलाच पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एका दुकानाचीं दोन दुकानें झालीं कीं शेजारीपाजारी धन्याची वाहवा करतात. तो तेवढ्याच माणसांनिशीं त्याच जागीं बसून राहिला, तर त्याच्या अंगीं धमक नाहीं असें म्हणतात. किराण्याच्या व्यापारास हा न्याय लागू पडत असेल. कारण एका पेढींतील साखर आणि दुसऱ्या पेढींतील साखर यांत फरक नसतो. परंतु कांहीं व्यवसायांत विकावयाचा माल म्हणजे जाणत्याची नजर आणि त्याचा निर्णय हाच असतो. झाडांची निगा राखणाऱ्या वृक्षवैद्याचा व्यवसाय हा त्यांपैकींच एक होय.

वृक्षवैद्य म्हणजे लाकूडतोड्या नव्हे. वाळलेली फांदी उतरविणें, घरावर झुकलेला भार हलका करणें, रोग ओळखणें, मुळांवरची घट्ट झालेली माती मोकळी करणें, आणि पुष्कळदां 'या झाडास हात लावूं नये' असें सांगणें, हें त्याचें काम. त्यांत छाटणी सर्वांत नाजूक. फांदी जेथें खोडास मिळते, तेथें बहुधा एक फुगीर कडें असतें. त्या कड्याच्या लगत बाहेरून करवत चालविली, तर कडेनें नवें लाकूड वाढून जखम कालांतरानें झांकली जाते. कडेंच कापून खोडाशीं सपाट छाटणी केली, तर जखम अकारण मोठी होऊन आंत कूज शिरण्यास वाट मिळते. उलट, वीतभर खुंट ठेवला तर तो खुंटच कुजूं लागतो. अमेरिकेच्या सरकारी वनखात्यांतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनीं असंख्य खोडें चिरून तपासलीं आणि १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या विवेचनांत दाखवून दिलें कीं, प्राण्याची जखम भरते तशी झाडाची भरत नाहीं. झाड बिघडलेल्या भागाभोंवतीं जणुं भिंती उभारतें आणि त्यावरून नवें लाकूड चढवितें. जुना घाव आंत जन्मभर राहतो.

या व्यवसायाचें मर्म येथेंच आहे. चुकीच्या छाटणीचें फळ दिसूं लागतें तें कित्येक वर्षांनीं. तोंपर्यंत मजुरी केव्हांच चुकती झालेली असते. खालीं उभ्या असलेल्या घरमालकास बरें-वाईट कळण्याचा मार्ग नसतो. सारी भिस्त असते ती करवत धरणाऱ्याच्या ज्ञानावर आणि सचोटीवर.

म्हणूनच लहान राहण्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. मालक स्वतः झाडावर चढणारा, जोडीस दोर सांभाळणारा एक गडी आणि फांद्या ओढणारा दुसरा, एवढ्यावर काम चालतें. प्रत्येक झाड मालकाच्या नजरेखालून जातें. गेल्या खेपेस कोणती फांदी मुद्दाम ठेविली, तें त्याच्या ध्यानांत असतें. खर्च थोडा असल्यामुळें नको असलेलें काम नाकारण्याची ऐपत त्याच्यापाशीं असते. पण याला दुसरी बाजूहि आहे. मालक एकदां दोरावरून घसरला कीं धंदा अंथरुणास खिळतो. वादळानंतर दहा घरांचीं बोलावणीं एकदम येतात आणि नऊ घरें अडून राहतात. शिवाय साठी उलटल्यावर उंच झाडावर चढवत नाहीं. आणि ज्ञान दुसऱ्यास दिलेलें नसेल, तर तें धन्याबरोबरच संपतें.

मोठें होण्यांतील धोका निराळा आहे. माणसांस उंच नेणारी पाळण्याची मोटार व फांद्यांचा भुसा करणारें यंत्र घेतलें कीं त्यांचे हप्ते सुरू होतात. दर महिन्यास पगार द्यावे लागतात. मालक झाडावरून खालीं उतरून मेजापाशीं बसतो आणि निर्णय दुसऱ्याच्या हातीं जातो. तोडण्याचे पैसे मिळतात. न तोडण्याचे फारसे मिळत नाहींत. रिकामें उभें असलेलें यंत्र मालकास टोंचूं लागलें, म्हणजे 'राहूं द्या, पुढच्या वर्षीं पाहूं' हें वाक्य त्याच्या तोंडून निघणें कठीण होतें.

तरीहि वाढ ही वाईटच, असें मात्र नव्हे. जॉन डेव्ही यांचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. १८४६ सालीं इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांत जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा विशी गांठेपर्यंत निरक्षर होता. पुढें तो वाचावयास शिकला, बागाइतीचें काम शिकला, अमेरिकेस गेला आणि ओहायो संस्थानांतील केंट या गांवीं झाडांची शुश्रूषा करूं लागला. १९०१ सालीं त्यानें 'द ट्री डॉक्टर' हें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. मागणी वाढली, पण जाणतीं माणसें मिळेनात. तेव्हां डेव्ही पितापुत्रांनीं, १९०९ सालीं कंपनी रीतसर स्थापन झाली त्याच सुमारास, गड्यांना शिकविण्यासाठीं शाळाहि काढली. डेव्ही १९२३ सालीं वारले. धंदा चालूच राहिला. १९७९ सालीं नोकरांनींच कंपनी विकत घेतली. आज अमेरिका व कॅनडा मिळून तिच्यांत दहा हजारांहून अधिक माणसें काम करतात.

या वाढीचें मूळ भांडवलांत जितकें आहे, तितकेंच शिक्षणांत आहे. मात्र शिक्षण हें दुधारी शस्त्र आहे, हेंहि येथेंच दिसतें. झाडांच्या ढोल्या कोरून त्यांत सिमेंट भरण्याची पद्धति डेव्ही यांनींच लोकप्रिय केली. ढोली कोरतांना झाडानें उभारलेली भिंत फुटते व कूज पुढें सरकते, हें शायगो यांच्यासारख्यांच्या संशोधनानंतर पटलें आणि ती पद्धति मागें पडली. एकट्या माणसाची चूक त्याच्या गांवापुरती राहते. शाळेंतून शिकविलेली चूक देशभर पसरते. म्हणून जो मोठा झाला, त्यानें आपलें ज्ञान वरचेवर तपासून पाहण्याची जबाबदारीहि पत्करली पाहिजे.

तेव्हां लहान कीं मोठा, याचें उत्तर यंत्रांच्या संख्येंत नाहीं. 'मी खालीं नसतांना ज्याच्या हातीं शंभर वर्षांचा वड निःशंकपणें सोंपवीन, असे किती जण मीं तयार केले ?' हा प्रश्न मालकानें स्वतःस विचारावा. उत्तर 'एकहि नाहीं' असें आलें, तर लहान राहणें हीच सचोटी. पण निदान एक शिष्य तरी त्यानें तयार करावाच. उत्तर दहा आलें, तर दहा जणांपुरतें वाढण्यास हरकत नाहीं. धंदा शिष्यांच्या मागून वाढावा, पुढें धांवूं नये.

यांत गृहस्थाचाहि वांटा आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या कायद्यान्वयें झाड तोडण्यापूर्वीं रीतसर परवानगी घ्यावी लागते. पण परवानगीचा कागद करवत कोठें चालावी हें शिकवीत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडावर बोलाविलेला माणूस लहान धंद्याचा असो वा मोठ्या, त्यास एवढेंच विचारावें : कोणती फांदी, कशासाठीं, आणि घाव नेमका कोठें ? जो झाडाकडे वर पाहून सावकाश उत्तर देईल, त्यास काम द्यावें. आणि 'यंदा कांहींच करावयास नको' असें जो सांगेल, त्यास त्या सल्ल्याचे पैसेहि आनंदानें द्यावे. कारण असा सल्ला विकला जाऊं लागला, तरच तो देणारा टिकेल.