‘अ‍ॅडजस्ट’ करायचे, पण कोणी आणि काय?

परवा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “अ‍ॅडजस्टला मराठीत नेमके काय म्हणतात?” आम्ही प्रश्न वर्गापुढेच ठेवला. उत्तरे आली : सरकून बसणे, जुळवून घेणे, भागवणे, चालवून घेणे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गप्प बसणे.” वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही.

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ ‘जवळ आणणे’. इंग्रजीत तो मुख्यतः दोन प्रकारे वापरतात. पहिला, एखादी वस्तू हवी तशी नीट बसवणे : गाडीचा आरसा, खुर्चीची उंची, घड्याळाची वेळ. येथे काय बसवायचे ते सांगावेच लागते. दुसरा, ‘अ‍ॅडजस्ट टू’, म्हणजे सरावणे : नव्या शाळेला, थंडीला, अंधाराला. येथे माणूस स्वतः बदलतो. कशासाठी बदलतो ते ‘टू’च्या पुढे येते. (मुलांनी ‘अ‍ॅडॅप्ट’ आणि ‘अ‍ॅडॉप्ट’ यांतही गल्लत करू नये. पहिल्याचा अर्थ परिस्थितीनुसार बदलणे, दुसऱ्याचा स्वीकारणे किंवा दत्तक घेणे.)

आपल्याकडे या शब्दाने वेगळेच घर केले आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि “जरा अ‍ॅडजस्ट करा” म्हणतो. बेंगळुरूत हेच कन्नडमध्ये ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ असे ऐकू येते. त्या बाकावर चौथ्याला जागा मिळते, कारण तिघेही थोडे थोडे सरकतात. एकट्यानेच सरकायचे ठरवले तर तो खाली पडेल.

घरात आपण हेच विसरतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या निकाहच्या दिवशी आम्हीही तिला म्हणालो होतो, “बेटा, ससुराली जरा अ‍ॅडजस्ट कर.” वर्षभराने ती अम्मीसोबत भेटायला आली. अम्मी म्हणाली, “सगळे ठीक आहे, थोडे अ‍ॅडजस्ट करावे लागते.” आम्ही मुलीला विचारले, “काय करावे लागते?” ती बराच वेळ बोलली नाही. मग कळले : बी.ए.चे शेवटचे वर्ष बाकी होते, पुस्तके पेटीत गेली होती. पहाटे पाणी भरणे, नऊ माणसांचा स्वयंपाक, रात्री भांडी. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला होता.

आम्ही म्हणालो, “हे असेच, कामांची यादी करून, सासूबाईंना सांग.” तिने सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “दुल्हन, तू कधी बोललीच नाहीस!” पाणी भरणे दिराकडे गेले, रात्रीची भांडी नणंदेकडे. यंदा ती परीक्षेला बसते आहे. सगळीकडे असे सहज होत नाही, हे आम्ही जाणतो. पण न सांगितलेली अडचण कोणाला दिसतही नाही.

आपल्या दोन्ही भाषा या बाबतीत शहाण्या आहेत. उर्दूत ‘निबाह’ म्हणतात, मराठीत ‘निभावणे’. दोन्हींचे मूळ एकच. उर्दूत निबाह कोणाच्या तरी ‘साथ’ होतो. मराठीत ‘जुळणे’ म्हटले की दोन टोके आलीच. एकाच टोकाने जुळत नाही.

म्हणून एक छोटी सवय लावू या. घरात ‘अ‍ॅडजस्ट कर’ म्हणण्यापूर्वी वाक्य पूर्ण करू या : कोणी, काय आणि किती दिवस? “सून अ‍ॅडजस्ट करेल” याऐवजी “परीक्षा होईपर्यंत सकाळचा चहा आम्ही करू” असे म्हणू या. आणि मारहाण, हुंड्याची मागणी, माहेर तोडणे यांना हा शब्द लावूच नये. तो जुल्म आहे. त्याला त्याच नावाने हाक मारावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले : अ‍ॅडजस्ट करणे म्हणजे सर्वांनी थोडे थोडे सरकणे. मागच्या बाकावरच्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले. तिच्या घरीही ते कोणी वाचावे, एवढीच आमची इच्छा.