इसब आणि पथ्याचा हिशेब



आपल्या घरात कोणाला इसब झाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खाल्लेस?" आणि मग बंद पदार्थांची यादी सुरू होते. वांगे बंद, आंबट बंद, अंडी-मासे बंद, शेंगदाणे बंद. यादी करणारी सगळी मायेचीच माणसे असतात. पण ती यादी पुन्हा उघडून पाहण्याचे काम कोणीच करीत नाही. मी डॉक्टर नाही. बँकेतला कारकून आहे आणि कला शाखेचा पदवीधर. तरी हे लिहिण्याचे धाडस करतो, कारण माझ्या धाकट्या मुलीच्या बाबतीत आम्ही हीच चूक दोन वर्षे केली.

मुलगी सहा वर्षांची असताना कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल होऊन खाज सुटू लागली. आत्याने दूध बंद करायला सांगितले, शेजारच्या काकूंनी अंडी आणि सुकट, एका दवाखान्यात मुगाखेरीज सगळ्या डाळी. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे वाटे आणि आम्हाला वाटे, सापडले कारण! पुन्हा खाज उसळली, की आणखी एक पदार्थ बंद. आठव्या वर्षी तिचे वजन 17 किलो होते. ताटात भात, मुगाचे वरण आणि दुधी. थोरला भाऊ अंडे खायला दाराआड जाऊन बसे. हे आठवले की आजही मान खाली जाते.

इसब हा मुळातच चढता-उतरता आजार आहे, ही साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आपण पथ्य सुरू करतो ते खाज शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ती बहुधा उतरणारच असते. श्रेय मात्र पथ्याला जाते.

लहानपणापासूनच्या या इसबाला डॉक्टर 'ॲटोपिक डर्मटायटिस' म्हणतात. हे नाव 1933 साली अमेरिकेतील वाइज आणि सुल्झबर्गर या डॉक्टरांनी दिले. 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले, की अशा अनेक रुग्णांत 'फिलॅग्रिन' हे कातडीतील प्रथिन जन्मतःच कमी पडते. भिंतीचा गिलावा निघावा तशी कातडी उघडी पडते. आतले पाणी बाहेर जाते, बाहेरचे त्रासदायक कण आत शिरतात. म्हणजे दोष पुष्कळदा भिंतीत असतो आणि आपण स्वयंपाकघर शोधत बसतो.

येथे आपल्या घरातली एक गंमत सांगितली पाहिजे. दूध बाधते म्हणून बाळाला पाजायचे नाही, आणि अंघोळीच्या वेळी त्याच फुटलेल्या कातडीला साय आणि डाळीचे पीठ चोळायचे! आज शास्त्रज्ञांचे मत असे, की अन्नाची ॲलर्जी अशा उघड्या कातडीवाटेच जडू शकते. तोंडावाटे योग्य वयात गेलेले अन्न उलट शरीराच्या ओळखीचे होते. लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांवर प्रयोग करून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेंगदाणा टाळलेल्या बाळांपैकी पाचव्या वर्षी शेकडा 17 जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. नियमित खाल्लेल्यांपैकी फक्त शेकडा 3 जणांना. (अर्थात हे सगळे चाचणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले. अख्खा दाणा बाळाला कधीच देऊ नये, तो घशात अडकतो.)

मग पथ्याचा उपयोगच नाही काय? आहे, पण चाचणी म्हणून. त्याला 'एलिमिनेशन डाएट' म्हणतात. कॅलिफोर्नियाचे डॉ. अल्बर्ट रो यांनी ही पद्धत रुजवली आणि 1941 साली त्यावर ग्रंथ लिहिला. संशयित पदार्थ ठराविक मुदतीसाठी, साधारण चार ते सहा आठवडे, पूर्ण बंद करायचा आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहायचा. या दुसऱ्या अर्ध्या भागातच चाचणीचा जीव आहे. बंद केल्यावर बरे वाटले आणि सुरू केल्यावर पुन्हा बिघडले, तरच तो पदार्थ दोषी. आपल्याकडे पहिला अर्धा भाग होतो आणि मुदत जन्मभराची असते! बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एकाच दिवशी चार नोंदी बदलल्या आणि ताळा चुकला, तर चूक कोणत्या नोंदीत आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून एका वेळी एकच पदार्थ.

आम्ही शेवटी मुलीला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे वजन केले, यादी वाचली आणि शांतपणे विचारले, "हे कोणी सांगितले?" आम्हा दोघांना उत्तर देता येईना. त्यांनी एक वही घालायला सांगितली. तारीख, खाणे, खाज दहापैकी किती, झोप कशी, ऊन-घाम, नवे कपडे, साबण. बंद पदार्थ एकेक करून परत आणायचे, पण पहिले अंडे मात्र घरी नाही, रुग्णालयात बसून. दीर्घकाळ बंद ठेवलेला पदार्थ अचानक दिला, तर पूर्वी पचणाऱ्या मुलालाही कधी कधी तीव्र ॲलर्जी होऊ शकते, हे मला तेव्हा प्रथम कळले. ज्या मुलाला एखादा पदार्थ खाताच तास-दोन तासांत ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या किंवा धाप असे झाले असेल, त्याच्यावर घरी कोणताही प्रयोग करू नये.

चार महिन्यांत अंडे, बोंबील, तूरडाळ, शेंगदाणे सर्व परत आले. खाज वाढली नाही. दुधाचा संशय उरला होता, म्हणून ते चार आठवडे बंद करून पुन्हा दिले. काहीच फरक नाही. टोमॅटोने तोंडाभोवती लाली येई, पण ती रस कातडीला लागल्यामुळे. खाण्याआधी ओठांभोवती व्हॅसलीन लावले की प्रश्न मिटला. वहीत खाजेचे मोठे आकडे दिसले ते मे महिन्यात आणि शाळेच्या जाड टेरिकॉटच्या गणवेशाच्या दिवसांत. नवी मुंबईतला घाम आम्ही रोज पाहत होतो, पण हिशेबात धरला नव्हता.

सगळ्यांचे असेच होईल असे नाही. अंड्याची ॲलर्जी चाचणीत दिसलेल्या काही बाळांना अंडे बंद केल्याने फायदा होतो, असा पुरावा आहे. मात्र नुसती रक्तचाचणी आली म्हणून पदार्थ दोषी ठरत नाही, आणि 'आयजीजी' नावाने शंभर-शंभर पदार्थांच्या ज्या महागड्या चाचण्या विकल्या जातात, त्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने 2008 सालीच निरुपयोगी ठरवल्या आहेत. चुकीच्या पथ्याची किंमतही लहान नाही. 2001 साली खुद्द अमेरिकेत 12 मुलांना क्वाशिओरकर, म्हणजे अंगाला सूज आणणारे कुपोषण झाल्याचे प्रसिद्ध झाले. अन्नाची टंचाई हे त्याचे कारण नव्हते. पालकांनी समजुतीने दूध वगैरे बंद केले होते.

विद्यार्थी मित्रांसाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण देतो. 1950 च्या दशकात पुण्यात एक परदेशी तण आढळले. आपण त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. पुढे चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर चिवट इसब झालेले रुग्ण येऊ लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 1974 साली या गवताचा संबंध शोधनिबंधातून मांडला. आजार कपड्याबाहेरच्या कातडीवर होता, त्यावरूनच तो हवेतून येतो हे लक्षात येते. अशा रुग्णाने जन्मभर वांगे सोडले असते तरी काय उपयोग होता? आपल्या मोकळ्या भूखंडांवरही हे गवत दिसते. ते उघड्या हाताने उपटू नये. त्याचप्रमाणे कपाळावर टिकलीएवढाच चट्टा असेल तर टिकलीच्या गोंदाचा, आणि बांधकामावरच्या बांधवांच्या हातांना इसब असेल तर सिमेंटमधील क्रोमियमचा विचार आधी करावा.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांबद्दलही दोन शब्द. त्यातील पुष्कळांत तीव्र स्टिरॉइड असते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलम भीतीपोटी टिकलीएवढे लावणे हेही चूकच. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, हे आमच्या घरात अजून चालू आहे.

ज्यांना दाखवायचे असेल त्यांनी हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरावे, जे.जे. रुग्णालय तेथून चालत जाण्याइतके जवळ आहे. परळचे केईएम आणि सायन रुग्णालय येथेही त्वचारोग विभाग आहेत. सकाळी लवकर निघावे, रांग असते. जाताना निदान दोन आठवड्यांची वही, लावलेल्या प्रत्येक मलमाची रिकामी ट्यूब आणि बंद केलेल्या पदार्थांची यादी सोबत न्यावी. यादीत प्रत्येक पदार्थापुढे तो कोणी आणि कधी बंद केला तेही लिहावे.